डिजिटल वॉटरमार्कचा चिवटपणा

फोटोत डोळ्याला न दिसणारी जी खूण लपवतात ती पुढे तो फोटो एडिट केला, दाबून लहान केला, कापला किंवा तिरका केला तरी वाचता येते का, यालाच वॉटरमार्कचा चिवटपणा म्हणतात. कोपऱ्यात टाइप केलेलं नाव इथे धरत नाहीत, ते कोणीही क्रॉप करतं.

‘डिजिटल वॉटरमार्क’ हा शब्द पहिल्यांदा कुणी वापरला यावर एकमत नाही. टिर्केल वगैरे मंडळींचा १९९३ चा पेपर बरेच जण पहिला धरतात, पण कोमात्सु आणि तोमिनागा यांनी १९८८ च्या सुमारासच तो वापरलेला दिसतो, त्यामुळे मान त्यांना दिलेला बरा. कल्पना त्याहून जुनी, दुकानं-ऑफिसांत वाजवायचं संगीत पुरवणाऱ्या म्युझॅक कंपनीच्या एमिल हेम्ब्रुकने १९५४ मध्येच पेटंटचा अर्ज केला होता, गाण्यातली १ किलोहर्ट्झजवळची पट्टी मधूनमधून गाळायची आणि त्यातून मोर्ससारख्या (ठिपके-रेघांच्या) खुणांनी ओळख लिहायची. अर्थात ते आवाजाचं.

फोटोत आधी खूण पिक्सेलच्या शेवटच्या बिटमध्ये ठेवायचे, फोटो जेपेगमध्ये दाबून लहान केला की ती गेली. १९९७ मध्ये कॉक्स, किलियन, लेटन, शमून या संशोधकांनी उलटं केलं, डीसीटी म्हणजे चित्राला लहरींच्या आकड्यांत मांडायची गणिती रीत, तिच्यातल्या सगळ्यात मोठ्या १००० आकड्यांतच ती पसरली, म्हणजे खूण मारायला जाल तर चित्राचीही वाट लागणार. झेरॉक्स काढून स्कॅन केल्यावरही ती सापडली, फक्त शोधायला मूळ चित्र हाताशी लागतं.

खरी गोची भूमितीची. ५१२ बाय ५१२ चं चित्र मधोमध धरून १ अंश फिरवलं तर कोपऱ्यातला पिक्सेल साधारण ६ घरं सरकतो, आपल्याला जेमतेम कळतं, पण खूण शोधणारा प्रोग्रॅम जुन्याच जागी चाचपत बसतो. खूण पुसली जात नाही बरं का, ताळमेळ सुटतो. केंब्रिजच्या पेटिटकोलास आणि कून यांनी १९९७ च्या अखेरीस काढलेला स्टरमार्क हा वॉटरमार्क तपासायचा प्रोग्रॅम नेमकं हेच करतो, छापून परत स्कॅन केल्यासारखं चित्र किंचित ताणतो, वाकवतो, सरकवतो, आणि तेव्हाच्या बऱ्याच पद्धती त्यात आडव्या झाल्या.

उपाय म्हणून फूरिए-मेलिन रूपांतर ही गणिती रीत आली. त्यात सरकवण्याचा परिणाम जातो, फिरवणं-मोठं करणं नुसतं सरकण्यासारखं होतं. कागदावर देखणं, पण चित्राचं रूपांतर करून ते परत मूळ रूपात आणताना चित्र खराब होतं. चित्राच्या वर्णपटात (लहरींच्या आकड्यांच्या नकाशात) ओळखीचे उंचवटे पेरून कोन काढणं त्यापेक्षा व्यवहारी वाटतं, मात्र ते उंचवटे खूण पुसू पाहणाऱ्या चोरालाही दिसतात.

मोझेक हल्ल्यात तर चित्राला हातच लावत नाहीत, बारीक तुकडे करून वेबपेजवर शेजारीशेजारी मांडतात, एकेका तुकड्यात खूण मावत नाही. एआयने बनवलेल्या चित्रांत अशीच खूण लपवणारं गुगलचं सिंथआयडी २०२३ मध्ये आलं.