पुआइओही फक्त अलाकाईतच का उरला? थोडी पार्श्वभूमी

हवाईच्या काउआई बेटावर पुआइओही नावाचा एक छोटा कस्तूर आहे, वरून करडा-तपकिरी, पाय गुलाबीसर. एवढा लाजरा की आवाज ऐकू येतो पण पक्षी दिसत नाही, ओढ्याकाठच्या शेवाळलेल्या कड्यांच्या खोबणीत घरटं करतो आणि सावलीतच वावरतो. जगात फक्त याच बेटावर, तेही अलाकाईच्या पठारावरच्या ओल्या जंगलात, साधारण पाचशेच उरलेत.

आपल्या माहितीत तो आला १८९१ मध्ये, हेन्री पामर नावाच्या संग्राहकाने नमुने गोळा केले आणि १८९३ ला रॉथ्सचाइल्ड या पक्षीअभ्यासकाने त्याच्या शास्त्रीय नावात पामरचंच नाव घातलं. स्थानिक लोकांना तो अर्थातच आधीपासून माहीत होता, पुआइओही हे नाव पण त्यांचंच आहे.

खरी गोष्ट मात्र डासांची आहे. हवाईत मुळात डास नव्हतेच! १८२६ च्या सुमारास वेलिंग्टन नावाच्या जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून हवाईतल्याच माउई बेटावर क्युलेक्सच्या अळ्या उतरल्या असं सांगतात, आणि हा क्युलेक्स म्हणजे आपल्या गटारातला, हत्तीरोग पसरवणारा तोच डास. नंतर बाहेरून आणलेल्या पक्ष्यांसोबत पक्ष्यांचा मलेरिया आला, आणि लाखो वर्षं डासच न पाहिलेल्या तिथल्या पक्ष्यांकडे त्याच्याविरुद्ध काही ताकदच नव्हती. खालची जंगलं रिकामी झाली. वर थंडीत मलेरियाचा जंतू नीट वाढत नाही, म्हणून वरचे पक्षी टिकले, पण आता तिथलीही हवा तापायला लागलीय आणि डास वर चढतायत. शिवाय उंदीर घरट्यातली अंडी, पिल्लं आणि कधी बसलेली मादीसुद्धा खातात, त्यात १९८२ चं इवा आणि १९९२ चं इनिकी ही वादळं. याचाच मोठा भाऊ म्हणावा असा कामाओ त्याच बेटावर होता, तो गेला, २०२३ ला अमेरिकेने अधिकृतपणे नामशेष म्हणून यादीतून काढला. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

पुआइओही १९६७ पासून संरक्षित आहे. १९९० च्या दशकात जंगलातून अंडी आणून पिंजऱ्यात पिल्लं वाढवली, १९९९ पासून ती परत सोडली, एकूण दोनशेच्या वर. उंदरांना शिरता येणार नाही अशा घरट्याच्या पेट्याही लावल्या. आणि अलीकडे माउई-काउआईवर वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास सोडतायत, नर चावत नाहीत पण त्यांच्याशी जोडी जमवलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत.