फिलामेंट सुकवणे

घरगुती थ्रीडी प्रिंटरमध्ये घालण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या तारेतला ओलावा मंद उष्णतेने काढून टाकण्याची क्रिया. ही तार, म्हणजेच फिलामेंट, बहुधा १.७५ मिमी जाडीची असते आणि किलोभराच्या रिळावर गुंडाळून येते. महिनाभर उघडे पडलेले रीळ सुकवावे हे सगळ्यांना पटते. नवेकोरे, सीलबंद रीळही सुकवायचे म्हटले की कपाळावर आठ्या येतात. पण ओल कारखान्यातूनच येऊ शकते: यंत्रातून निघालेली गरम तार बहुतेक ठिकाणी पाण्याच्या टाकीतून नेऊन गार करतात. पुढे ती नीट वाळली नसेल, किंवा पिशवीला सुईएवढे भोक पडले असेल, तर आतली सिलिका जेलची पुडी फारशी पुरी पडत नाही.

ओल आधी कानाला कळते. प्रिंटरचे नोझल, म्हणजे वितळलेली तार बाहेर सोडणारे टोक, २०० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेले असते; तिथे पाण्याची वाफ होते आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज येतो. मागोमाग कोळिष्टकासारखे तंतू, खरबरीत पृष्ठभाग, बुडबुडे. पीएलए, पीईटीजी आणि नायलॉन या तारेच्या प्लॅस्टिकांमध्ये वितळताना पाणी रेणूंच्या साखळ्याच तोडते. असा छापलेला भाग मागाहून कितीही वाळवा, गेलेली ताकद परत येत नाही.

पीएलएला ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास पुरतात. ६० अंशांच्या सुमारास ते मऊ पडते आणि वेढे एकमेकांना चिकटतात. पीईटीजीला ६०–६५ अंश, नायलॉनला ७०–८० अंश आणि जवळजवळ अख्खी रात्र लागते. ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती ओव्हनमध्ये, सुकवताना खुंटीवरच्या आकड्यावर विसंबू नये, आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. कुरडयांसारखे गच्चीवर टाकणे तर नकोच: उन्हाचे तापमान आपल्या हातात नसते.

पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी हा सगळा खटाटोप अनेकदा टळतो. जुलैत टळत नाही. तरी भर पावसातही तार सुकते. २५ अंशांवरची ८० टक्के आर्द्रतेची हवा ५० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. मात्र सुकवायच्या डब्याला वाफ बाहेर जायला फट हवी, नाहीतर ओल आतल्या आत फिरते. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा पाहून खोलीचा अंदाज बांधण्यातही अर्थ नाही; ज्या खोलीत पंख्याखाली ओले कपडे वाळताहेत, तिचे हवामान वेगळेच असते.

सुकले का, हे स्वयंपाकघरातला वजनकाटा सांगतो. रीळ आधी १,२३४ ग्रॅम आणि सहा तासांनी १,२३० भरले, तर चार ग्रॅम पाणी गेले. आणखी दोन तासांनी वजन तेच राहिले तर थांबावे. मग रबरी कडेच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलसह. नायलॉनला तेवढी सवलतही नाही. ते ड्रायरमध्येच, म्हणजे तार सुकवायच्या तापत्या डब्यातच, ठेवून, नळीतून थेट प्रिंटरला द्यावे लागते.