थुंबाचे चर्च आणि त्यात वसलेले अंतराळ संग्रहालय

तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा गावात विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संग्रहालय आहे. आवारात एसएलव्ही-3 या उपग्रह वाहून नेणाऱ्या अग्निबाणाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. आत अग्निबाण, उपग्रह आणि इंजिने यांची माहिती मिळते. पण त्याचा इतिहास शोधायचा तर सुरुवात इमारतीपासून करावी लागते, कारण ही इमारत म्हणजे सेंट मेरी मॅग्डलीन चर्च. भिंतींमधल्या वस्तूंइतकाच या भिंतींचाही इतिहास मोलाचा आहे.

थुंबाच का, याचे उत्तर पृथ्वीच्या चुंबकत्वात आहे. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असते ती रेषा, या किनाऱ्याजवळून जाते आणि त्याच्यावर साधारण 100 किलोमीटर उंचीवर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, विजेचा एक अरुंद, प्रबळ प्रवाह वाहतो. फुगे तिथपर्यंत पोहोचत नाहीत आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. तिथे उपकरणे पाठवायची तर छोटे अग्निबाणच हवेत. वैश्विक किरणांचे अभ्यासक विक्रम साराभाई यांना या जागेचे महत्त्व लगेच उमगले. 1962 मध्ये अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि जागेचा शोध सुरू झाला. या कामात साराभाईंसोबत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते.

जागा मात्र रिकामी नव्हती. तिथे मच्छीमारांची वस्ती होती, त्यांचे चर्च होते, बिशपचे घर होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांपुढे विषय मांडला आणि त्यांनी संमती दिली, ही हकीकत आज सर्वत्र सांगितली जाते. ती मुख्यतः अब्दुल कलाम यांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे. त्या गावकऱ्यांच्या तोंडून ती क्वचितच ऐकायला मिळते. सुमारे 600 एकर जमीन गेली, कुटुंबे शेजारच्या पळ्ळित्तुरा भागात हलली, तिथे नवे चर्च उभे राहिले. ‘विज्ञानासाठी गाव दिले’ हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण समुद्रावर पोट असणाऱ्या माणसाने किनाऱ्यावरचे घर सोडणे म्हणजे काय, हे या इतिहासात ठसठशीतपणे यायला हवे.

रिकाम्या चर्चमध्ये कार्यालय आणि कार्यशाळा थाटली गेली. प्रार्थनागृह ही आपली पहिली प्रयोगशाळा आणि बिशपची खोली हे आराखडे काढण्याचे ठिकाण होते, असे कलाम सांगत. 21 नोव्हेंबर 1963 रोजी संध्याकाळी इथून पहिला अग्निबाण सुटला. तो अमेरिकी नाईकी-अपाची होता आणि त्यातले सोडियम बाष्पाचे उपकरण फ्रेंच होते. वेळ मुद्दाम संध्याकाळची होती: जमिनीवर अंधार पडलेला, पण वर अजून ऊन, त्यामुळे सोडियमचा नारिंगी ढग दूरवरून दिसतो आणि तो कसा सरकतो यावरून वरच्या वाऱ्यांची दिशा व वेग मोजता येतो.

या टप्प्यावर शोध घेणाऱ्याने छायाचित्रांपासून सावध राहावे. सायकलवरून अग्निबाणाचा अग्रभाग नेतानाचे प्रसिद्ध छायाचित्र पहिल्या उड्डाणाचे म्हणून फिरते. ते आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी 1966 मध्ये थुंबाला टिपले. बैलगाडीवरचा उपग्रह तर थुंबाचाही नाही आणि त्या काळातलाही नाही. तो 1981चा ‘ॲपल’ उपग्रह. अँटेनाच्या चाचणीत धातूचा अडथळा नको म्हणून लाकडी गाडी निवडली होती. ते गरिबीचे चित्र मानले जाते, पण त्यामागे विचारपूर्वक घेतलेला तांत्रिक निर्णय होता.

पुढचा प्रवास वेगाने झाला. 20 नोव्हेंबर 1967 रोजी भारतीय बनावटीचा रोहिणी-75 अग्निबाण उडाला आणि 2 फेब्रुवारी 1968 रोजी इंदिरा गांधींनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केले. साराभाईंचे डिसेंबर 1971 मध्ये निधन झाल्यावर इथल्या संस्था एकत्र करून त्या केंद्राला साराभाईंचे नाव देण्यात आले. घन इंधनाच्या कामात अग्रणी असलेले पुण्याचे वसंत गोवारीकर 1979 ते 1985 या काळात केंद्राचे संचालक होते. सुरुवातीच्या तुकडीतले, अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन आलेले प्रमोद काळे हेही पुढे त्या पदावर आले.

1985 मध्ये चर्चच्या इमारतीचे संग्रहालय झाले. बाहेरचे रूप तसेच ठेवले, हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. नवी काचेची इमारत बांधून जुनी पाडली असती, तर पळ्ळित्तुराच्या लोकांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या प्रार्थनेची जागा दाखवता आली नसती. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून याच भिंतींच्या आत ऐकायला ठेवाव्यात, अग्निबाणांच्या शेजारी.