डोक्याच्या कातडीची पुनर्रचना आणि त्याआधीची सोनोग्राफी

डोक्याची कातडी अपघातात सोलून निघाली, करंट लागून जळाली किंवा कॅन्सरची गाठ काढताना कापावी लागली की उघड्या जागेवर नवीन आवरण घालावं लागतं. ते कुठून उचलायचं, कुठल्या रक्तवाहिनीवर जगवायचं हे चाकू लावायच्या आधीच सोनोग्राफी आणि डॉप्लरने (वाहतं रक्त आवाजात किंवा रंगात दाखवणारी सोनोग्राफीचीच तपासणी) बघून ठरवतात. कोल्हापूरच्या बाजूला हा विषय परका नाही, मळणी मशीन आहे, उसाचा चरक आहे, इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत, आणि पट्ट्यावर फिरणाऱ्या कुठल्याही यंत्रात लांब केस गुंतले तर भुवईपासून मानेपर्यंतची कातडी एका झटक्यात निघू शकते.

ती तशी निघते याचं कारण रचनेत आहे. वरून खाली पाच थर: कातडी, घट्ट तंतूंचा थर, गॅलिया हा चिवट पडदा, मग सैल थर, आणि कवटीला चिकटलेलं पेरिक्रेनियम. फाटतं ते सैल थरात. पेरिक्रेनियम शाबूत असेल तर मांडीची पातळ कातडी लावून भागतं, पण हाड उघडं पडलं असेल तर नुसती कातडी धरत नाही, तिथं स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येणारा कातडीचा जाड तुकडा, म्हणजे फ्लॅपच लागतो.

आता या आखणीची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. आपल्याकडे सुश्रुतापासून धरतात, कारण नाकाच्या शस्त्रक्रियेत पानाचं माप घेऊन गालाची कातडी उचलायची असं सुश्रुतसंहितेत आहे, म्हणजे कापायच्या आधी आखणी आहेच. दुसरा टप्पा पुण्याचा. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ ला छापलेल्या पत्रात कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं नाक पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीतून घडवल्याचं वर्णन आहे, मेणाचा साचा करून तो कपाळावर आखला आणि दोन डोळ्यांच्या मध्ये कातडीचा एक पट्टा जोडलेलाच ठेवला. तो पट्टा म्हणजे रक्ताची वाट, आज आपण जिला सुप्राट्रॉक्लिअर धमनी म्हणतो तीच. ही विद्या थेट सुश्रुतापासून आली असं बरेच जण मानतात, काही अभ्यासक तिला कारागीर घराण्यांची वेगळी परंपरा समजतात. गाल सोडून कपाळ आलेलं आहे आणि मधल्या शतकांची लेखी साखळी फारच विरळ, तेव्हा दुसरं मत जास्त सावध वाटतं. तरी मुद्दा पक्का आहे की वाहिनी न बघता ती नेमकी राखायची हे ज्ञान इथल्या हातांत होतं.

आवाजाच्या लहरींचा इतिहास वेगळ्या वाटेने येतो: डॉप्लरचा सिद्धांत १८४२ चा, डोक्यावर अल्ट्रासाउंड लावायचा पहिला प्रयत्न साधारण १९४० च्या दशकात ऑस्ट्रियात डुसिक या डॉक्टरांचा (तो मेंदूसाठी होता, कातडीसाठी नव्हे), आणि फ्लॅपच्या वाहिन्या शोधायला छोटा डॉप्लर १९७० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आलेला दिसतो. डोक्याची कातडी झाकायचे सर्जन ओर्टिकोचियांचे चार आणि नंतर तीन फ्लॅपचे आराखडे (१९६७, १९७१) त्याच्या आधीचे, म्हणजे ते शरीररचनेच्या ज्ञानावर आणि बोटाला लागणाऱ्या ठोक्यावर बेतलेले.

धमन्या प्रत्येक बाजूला पाच: समोरून दोन, कानापुढून सुपरफिशियल टेम्पोरल, कानामागून एक आणि मागून ऑक्सिपिटल. सगळ्या कडेकडून माथ्याकडे चढतात आणि एकमेकींना इतक्या जोडलेल्या असतात की एकाच टेम्पोरल धमनीवर जवळपास पूर्ण डोक्याची कातडी जगल्याची उदाहरणं आहेत. म्हणून तीच आधी बघायची. गालाच्या हाडाच्या कमानीवर दोनतीन सेंटिमीटरला ती बहुतेक वेळा दुभागते, एक फांदी कपाळाकडे, एक माथ्याकडे, पण दुभागायची जागा माणसागणिक सरकते आणि मेंदूचं जुनं ऑपरेशन झालं असेल तर एखादी फांदी कापलेलीच असते, वरून काही कळत नाही. पेनासारखा ८ मेगाहर्ट्झचा डॉप्लर फक्त आवाज देतो, खोली सांगत नाही, शेजारच्या वाहिनीचा आवाजही आपलाच वाटू शकतो. कलर डॉप्लरमध्ये १५ ते १८ मेगाहर्ट्झचा सपाट प्रोब (मशीनचं कातडीवर टेकवायचं टोक) लावला की रुंदी, खोली, प्रवाहाची दिशा, सोबतची शीर (रक्त परत नेणारी वाहिनी) हे सगळं दिसतं, आणि ते तिथंच मार्करने कातडीवर आखून घेतात. केस विंचरून भांग पाडायचा, जेलचा जाड थर द्यायचा आणि प्रोब अजिबात दाबायचा नाही, कारण खाली लगेच हाड आहे, दाबलं की शीर मिटते आणि नाहीच असं वाटतं. गाठ असेल तर तिची खोली आणि कवटीचा बाहेरचा पत्रा खाल्लाय का हेही कळतं, हाडाच्या आतलं मात्र कळत नाही, त्याला सीटी किंवा एमआरआयच.

कोल्हापुरात मशीनला कायद्याची बाजू आहे आणि ती असायलाच हवी. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, आणि जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात इथल्या सेंटरमधल्या मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे नोंद ठेवणारं उपकरण बसवलं गेलं, मुंबई हायकोर्टाने २०११ मध्ये ते योग्य ठरवलं. त्यामुळे प्लास्टिक सर्जनने वाटेल ते पोर्टेबल मशीन उचलून ऑपरेशन थिएटरात नेलं असं होत नाही, प्रोब डोक्यासाठी असला तरी मशीन तेच. रेडिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघांनी पेशंटच्या डोक्याशी एकत्र उभं राहून आखणी करणं हा त्यातला सरळ मार्ग, आणि कामही त्यानेच चांगलं होतं, कारण कुठली वाहिनी वाचवायची आहे हे रिपोर्टच्या कागदावर नीट उतरत नाही.

कातडी फुगवायचा फुगा म्हणजे एक्स्पांडर बसवताना हीच तपासणी फुग्याची जागा ठरवायला आणि नंतर भोवती रक्त किंवा पाणी साचलंय का बघायला वापरतात. पाठीचा किंवा मांडीचा फ्लॅप सूक्ष्मदर्शकाखाली जोडायचा असेल तर जोडणीची धमनी आणि शीर दोन्ही आधी तपासतात, धमनी चांगली पण शीर बारीक असं निघालं तर मानेतली वाहिनी घ्यावी लागते.