महापक्षी सेट : तुमच्या कॅम्पेनमध्ये मोठे पक्षी उडवायचे कसे

नमस्कार, डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळासाठीचा (त्यातली लांब चालणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन) आमचा सेट घेतल्याबद्दल मनापासून थँक्स! बॉक्समध्ये महागरुड, डोंगरी गिधाड, अल्बट्रॉस आणि रॉक (दंतकथेतला अवाढव्य पक्षी) असे चार मिनी म्हणजे छोट्या मूर्ती आहेत, सोबत पारदर्शक स्टँड आणि प्रत्येक पक्ष्याचे खेळातले आकडे दिलेली स्टॅट कार्डं. कार्डावर सगळं मावत नाही म्हणून हे पत्रक. आमचं सांगणं एकच, की मोठा पक्षी म्हणजे पंखवाला घोडा नाही, तो हवेच्या जिवावर उडतो, त्यामुळे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) वारा आणि दिवसाची वेळ खेळात आणली की हे पक्षी एकदम जिवंत वाटायला लागतात.

खरे मोठे पक्षी पंख फारसे मारतच नाहीत. अँडीजमधल्या कॉन्डॉरवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे पक्षी उडण्याच्या वेळेपैकी जेमतेम १ टक्का वेळ पंख मारत होते आणि तेही बहुतेक टेक-ऑफच्या वेळी, एक पक्षी तर ५ तासांहून जास्त, साधारण १७० किलोमीटर, एकदाही पंख न मारता गेला! कारण साधं आहे, पक्षी लांबीला दुप्पट झाला की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं पण वजन आठपट, मग नुसत्या ताकदीवर उडणं परवडत नाही. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवा वर जाते म्हणजे थर्मल तयार होतो, पक्षी त्यात गोल गोल फिरत उंची कमावतो आणि तिथून तरंगत पुढच्या थर्मलपर्यंत जातो.

आता हे टेबलावर आणा. पहाटे थर्मल नसतात, म्हणून गरुडावरून लांब जायचं तर ऊन चढेपर्यंत थांबावं लागेल आणि संध्याकाळच्या आत उतरावं लागेल, रात्री पळून जायचं असेल तर आधी वाऱ्याच्या तोंडावरचा कडा गाठा, तिथे आदळलेला वारा वर चढतो. आमचा होमब्रू (स्वतः बनवलेला) रूल असा आहे की सपाट जमिनीवरून, वारा नसताना, पक्ष्याला टेक-ऑफसाठी डीसी १५ चा स्ट्रेंथ चेक (फासा टाकून, ताकदीचा बोनस धरून किमान १५ यायला हवेत), कड्यावरून झेप घेतली तर चेक नाहीच. प्लेअर लोक मग नकाशा वेगळ्या नजरेने बघायला लागतात, हा आमचा सगळ्यात आवडता भाग आहे.

समुद्रावर थर्मल सहसा कमजोर असतात. म्हणूनच युरोपातून आफ्रिकेत जाणारे करकोचे जिब्राल्टर आणि बॉस्फरससारख्या अरुंद जागी गोळा होतात, तेव्हा तुमच्या जगातली एखादी चिंचोळी सामुद्रधुनी ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात गरुडस्वारांची सगळी वाट. अल्बट्रॉसचं मात्र उलटं, त्याचे पंख लांब आणि अरुंद, लाटांजवळ वारा मंद आणि वर जोरात असतो त्या फरकावर तो मैलोन्मैल जातो, खऱ्या अल्बट्रॉसचे पंख टोकापासून टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत भरतात. वारा पडला की तो पाण्यावर बसून राहतो, जहाजाच्या कॅम्पेनला याच्याइतका चांगला हवामान सांगणारा दुसरा नाही.

स्पीडचं थोडं. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनमध्ये महागरुडाचा फ्लाय स्पीड एका राउंडला (फाइटच्या एका फेरीला) ८० फूट, राउंड ६ सेकंदांचा, म्हणजे तासाला साधारण १५ किलोमीटरच झाले. फाइटसाठी ठीक आहे, पण प्रवासाला फार कमी, म्हणून कार्डावर भर दुपारचा प्रवासाचा वेग आम्ही तासाला ५० किलोमीटर दिलाय. वजनाचं म्हणाल तर रूल्सप्रमाणे तो ४८० पाउंड, म्हणजे सुमारे २१८ किलो उचलतो, चिलखतासकट एक स्वार आरामात. आणि प्लीज, त्याला नुसतं वाहन म्हणून खेळवू नका, त्याला कॉमन भाषा (खेळाच्या जगातली सगळ्यांची बोली) कळते फक्त बोलता येत नाही, तेव्हा आधी विचारा, नकार मिळाला तर तोही सीन मस्त होतो.

रॉक वेगळाच. अर्जेंटिनात साधारण ६० लाख वर्षांपूर्वीचा आर्जेंटाव्हिस हा उडणाऱ्या सगळ्यात मोठ्या पक्ष्यांपैकी एक, त्याचं वजनसुद्धा ७० किलोच्या आसपास धरतात, त्यामुळे हत्ती उचलणाऱ्या रॉकला जादू हवीच. आमच्या कार्डावर रॉक स्वतःचा वारा सोबत घेऊन फिरतो, तो दिसायच्या आधी झाडं वाकतात, होड्या हेलकावतात, एवढ्यावरच टेबल शांत होतं बघा.

मिनी उचलताना अंगाला धरा, पंखाला नाही. रेझिनचा पंख उन्हात ठेवल्याने वाकला तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून हळूच सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात घाला.