तेल की वाढ? सागरी शैवालांच्या डिझेलमागचा जुना पेच

सूक्ष्म शैवालातून तेल काढण्याचा विचार हवामानबदलाच्या चिंतेतून सुरू झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, आणि 1942 मध्ये हार्डर आणि फॉन विच या संशोधकांनी तेल साठवणाऱ्या डायटमची (सिलिकाचं कवच असलेल्या सूक्ष्म शैवालांची) मोठ्या प्रमाणावर लागवड सुचवली. पुढे कॅलिफोर्नियात विल्यम ऑसवाल्ड यांनी सांडपाणी शुद्ध करण्यासाठी शैवालांचे उथळ तलाव वापरले. शर्यतीच्या धावपट्टीसारखा लांबट गोल तलाव आणि पाणी सतत फिरवत ठेवणारं वल्ह्यांचं चाक, ही आजची ओळखीची रचना त्याच कामातून आली.

खरी उभारी दिली ती 1970 च्या दशकातल्या तेलसंकटाने. 1978 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने शैवालांपासून इंधन मिळवण्यासाठी ‘अ‍ॅक्वाटिक स्पीशीज प्रोग्रॅम’ सुरू केला. संशोधकांनी समुद्रकिनारे, खारी तळी आणि मचूळ डबकी पालथी घालून 3,000 हून अधिक वाण जमवले आणि चाळणी लावून सुमारे 300 निवडले. त्यांत डायटम आणि हिरवी शैवालंच जास्त. सागरी आणि खाऱ्या पाण्यातल्या वाणांना महत्त्व का, हे उघड आहे: त्यांना ना गोडं पाणी लागतं ना सुपीक जमीन.

पेच मात्र याच काळात उघड झाला. शैवालाचा नत्राचा पुरवठा तोडला, किंवा डायटमचा सिलिकाचा, की पेशीत तेल साठू लागतं. पण उपाशी पेशीची वाढही मंदावते. पेशीतल्या तेलाचा टक्का वाढतो, एकूण तेल वाढत नाही. मग याच कार्यक्रमातले पॉल रोस्लर आणि सहकाऱ्यांनी तेलनिर्मितीत कळीचं विकर (एन्झाइम) तयार करणारं जनुक वेगळं केलं, त्याच्या जादा प्रती डायटममध्ये घातल्या. विकर वाढलं, तेल वाढलं नाही. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात शिकवणारा प्रयोग हाच.

न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल इथे 1,000 चौरस मीटरचे तलाव चालवले गेले. पाण्यात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी 90 टक्क्यांहून अधिक वायू शैवालं वापरतात, हे तिथे दिसलं. पण वाळवंटातल्या थंड रात्रींनी उत्पादन खाली आणलं, आणि उघड्या तलावात निवडलेल्या वाणाची जागा अनेकदा स्थानिक शैवालं बळकावत.

1990 च्या दशकात जपाननेही मोठा कार्यक्रम हाती घेतला. तिथे भर फोटोबायोरिअ‍ॅक्टरांवर, म्हणजे उजेडात शैवालं वाढवणाऱ्या बंदिस्त पात्रांवर होता आणि हेतू थेट कार्बन डायऑक्साइड पकडण्याचा. इथे एक गोष्ट स्पष्ट ठेवायला हवी. एक किलो कोरडं शैवाल वाढताना साधारण 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, पण त्याच्या तेलाचं डिझेल जाळलं की तेलातला कार्बन पुन्हा हवेत जातो. हा साठा नव्हे, पुनर्वापर आहे. जमिनीखालचं तेल जितकं वाचेल तितका फायदा.

अमेरिकेचा कार्यक्रम 1996 मध्ये बंद पडला. सुमारे 2.5 कोटी डॉलर खर्च झाले होते, खनिज तेल स्वस्त होतं आणि निधी इथेनॉलकडे वळला. 2008 मध्ये तेल कडाडल्यावर पैसा परत आला. 2009 मध्ये एक्सॉनमोबिल ही तेलकंपनी आणि सिंथेटिक जीनोमिक्स ही जैवतंत्रज्ञान कंपनी यांनी हातमिळवणी केली. 2017 मध्ये त्यांच्या संशोधकांनी ‘नॅनोक्लोरोप्सिस गॅडिटाना’ या सागरी शैवालातलं एक नियामक जनुक (इतर जनुकांचं काम ठरवणारं) मंदावून तेलाचं प्रमाण जवळपास दुप्पट केलं, आणि वाढ फारशी घटली नाही. 1980 च्या दशकापासून अडलेली गाठ प्रयोगशाळेत तरी सुटली होती. 2023 च्या सुरुवातीला एक्सॉनमोबिल या संशोधनातून बाहेर पडली.