फौजदारी न्याय ग्रंथसंग्रह, मुंबई

फौजदारी न्याय ग्रंथसंग्रह : गुन्हा, पोलीस तपास, खटला, शिक्षा व पुनर्वसन या विषयांच्या अध्यापन-संशोधनासाठी महाविद्यालये व विद्यापीठे जतन करीत असलेली ग्रंथ, न्यायनिर्णय, अहवाल व आकडेवारी यांची सामग्री. मुंबईत ती एका छताखाली नाही. कायद्याची बाजू मुख्यतः चर्चगेट-फोर्ट परिसरात, तर समाजशास्त्रीय बाजू देवनारला आढळते.

या संग्रहाचा प्रारंभ कोठून धरावा, याची उत्तरे वेगवेगळी संभवतात. शासकीय विधी महाविद्यालयाची स्थापना १८५५ ची. मुंबई विद्यापीठ १८५७ चे आणि उच्च न्यायालय १८६२ चे. केवळ कायद्याच्या पुस्तकांचा विचार केल्यास १८५५ हे वर्ष सोयीचे आहे. मात्र तेथील अभ्यास वकिली व्यवसायासाठी होता. गुन्हा का घडतो, कैद्याचे पुढे काय होते, हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचे. दुसरा टप्पा १९३६ चा. त्या वर्षी सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झालेली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली; ती आज देवनारला आहे. तिसरा टप्पा १९५० च्या दशकातला : संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस यांनी १९५१-५२ मध्ये भारतातील तुरुंग प्रशासनाची पाहणी करून अहवाल दिला आणि त्याच दशकात या संस्थेत गुन्हाशास्त्र व सुधारप्रशासन (कैद्यांच्या सुधारणेचे प्रशासन) यांचे स्वतंत्र अध्यापन रुजले. प्रस्तुत लेखकाला हा तिसरा टप्पा अधिक ग्राह्य वाटतो, कारण कायदा, तुरुंग आणि समाज यांवरील साहित्य एकाच अभ्यासक्रमासाठी लागू लागले ते तेव्हापासून.

कायद्याच्या बाजूचा कणा म्हणजे न्यायनिर्णयांचे खंड. ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका १८७६ पासून, ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ पासून, तर नागपूरचा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ १९१४ पासून निघतो. विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी संदर्भ वाचायला शिकावे लागते. ‘आय.एल.आर. २२ मुंबई ११२’ याचा अर्थ मुंबई मालिकेचा बाविसावा खंड, पान ११२. तो खंड उघडला की लोकमान्य टिळकांचा १८९७ चा राजद्रोहाचा खटला समोर येतो. न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनात सरकारविषयीच्या ‘अप्रीती’चा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला आणि पुढच्याच वर्षी भारतीय दंड संहितेच्या राजद्रोहविषयक कलम १२४-अ मध्ये दुरुस्ती झाली. हे पान मुळातून वाचलेला विद्यार्थी आणि त्याचा गोषवारा पाठ केलेला विद्यार्थी यांच्या आकलनात फार मोठा फरक पडतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता व इतर जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष अधिनियम अमलात आल्यानंतर जुने खंड काढून टाकण्याकडे काही ग्रंथपालांचा कल दिसतो. तो चुकीचा आहे. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू राहते. शिवाय खुनाचे कलम ३०२ आता १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० हे ३१८(४) मध्ये गेले, तरी त्यांचा अर्थ लावणारे दीडशे वर्षांचे निर्णय जुन्याच क्रमांकांखाली सापडतात. कलमांचा तुलनात्मक तक्ता वाचनकक्षात टेबलावरच असावा.

वर्गीकरणाची अडचण याहून जुनी आहे. ग्रंथांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत फौजदारी कायदा ३४५, पोलीस ३६३.२, गुन्हाशास्त्र ३६४, तुरुंग ३६५ आणि न्यायवैद्यक ६१४.१ येथे जाते. कोठडीतील मृत्यू हा एकच विषय घेतला तर विद्यार्थ्याला पाच कपाटे पालथी घालावी लागतात व त्यांतले एखादे दुसऱ्या मजल्यावर असते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीतही कायदा ‘झेड’ आणि समाजशास्त्र ‘वाय’ असे वेगळे पडतात. विषयसूची काळजीपूर्वक केली तरच हे तुकडे जुळतात. देवनारच्या सर दोराबजी टाटा स्मारक ग्रंथालयासारख्या समाजविज्ञानाच्या ग्रंथालयात ३६४-३६५ ची बाजू भरीव असणे स्वाभाविक आहे.

आकडेवारीसाठी ‘क्राइम इन इंडिया’ (१९५३ पासून) आणि तुरुंगविषयक वार्षिक अहवाल (१९९५ पासून) हे मुख्य आधार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका फिर्यादीत अनेक गुन्हे असल्यास त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतो. खून व बलात्कार एकत्र घडले असता नोंद खुनाखाली होते. हा नियम न सांगता तक्ते विद्यार्थ्याच्या हाती देणे धोक्याचे आहे. तुरुंगसुधारणेसाठी १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीचा व न्या. मुल्ला समितीचा (१९८०-८३) अहवाल अपरिहार्य होत.

एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याच्या न्यायखात्याची कागदपत्रे आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय २०२३ पासून ई-एससीआर या त्याच्या संगणकीय निर्णयसंग्रहावर विनाशुल्क मिळतात.

मराठी साहित्य या संग्रहांत तुटपुंजे आहे. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश बहुधा असतो, त्यापलीकडे फारसे नाही. पोलीस ठाण्यातली फिर्याद, पंचनामा, जबाब मराठीत. त्यांवरचे विवेचन मात्र इंग्रजीत. ‘पंच फितूर झाले’ या एका वाक्यामागची प्रक्रिया मराठीत समजावून देणारे पाठ्यपुस्तक मागणारा विद्यार्थी बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो.